दिपिकासाठी काढलेल्या नोट्स

१४ जून १९९७, वरसे

दिपिका आली एकदाची. नाथादादा तिला रोह्याच्या स्टँडवर उतरवून त्याच गाडीने पेणला परत निघाला होता. सख्ख्या बहिणीच्या घरी यायला याला काय होतं कोण जाणे! दंडाला धरून आणला, तेव्हा कपभर चहा पोटात गेला. सोबत पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि पुतळीवहिनीने दिलेले पोह्याचे पापड. पोरगी भिंतीला टेकून उभी. बस म्हटलं तेव्हा बसली.

दादाचा जोह्याला गणपतीचा कारखाना. माणूस दिवसभर मूर्तींशी राहून मूर्तीसारखाच झालाय, चार वाक्यं बोलला तर सण. पण आज निघताना बोलला. म्हणाला, "नमू, दहावी एका फटक्यात निघाली तं पेनच्या कॉलेजात घालतो पोरीला. गणितात गेली तं मंग मी थांबनार नाय."

थांबणार नाही म्हणजे काय ते मला विचारायची गरज नव्हती. हमरापूरच्या निकेशच्या घरून विचारणा झाली आहे. त्यांचा कारखाना दादाच्या दुप्पट, आणि दिपिकाचा रंगाचा हात सगळ्या पंचक्रोशीला माहीत. साखरपुडा करून ठेवायचा, लग्न मग सवडीने, तोपर्यंत पोरगी त्यांच्या पितांबरांना रंग लावणार. शिक्षण संपलं.

मी जोह्यातली पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी. दुसरी व्हायला इतकी वर्षं लागावीत? आम्हाला मूल नाही. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेले. दिपिका पास होणार म्हणजे होणार. गणित मी शिकवते आणि माझीच भाची गणितात जाईल, तर मी तोंड कुठे लपवू!

२९ जून

बाजारातली गाईडं चाळली आणि डोकं फिरलं. दोन पायऱ्या लिहायच्या आणि तिसऱ्याला "यावरून सिद्ध होते". कशावरून सिद्ध होते, बाबांनो? म्हणून ठरवलं, या वर्षी दहावीसाठी नोट्स मी स्वतः काढणार. दिपिकासाठी काढायच्याच आहेत, तर सगळ्या वर्गाला मिळू देत.

शाळेतलं सायक्लोस्टाईलचं यंत्र माळ्यावरून खाली काढलं. मेणकागदावर लोखंडी लेखणीने कोरायचं, चुकलं की वर नेलपॉलिश लावायचं, वाळलं की पुन्हा कोरायचं. कंपास चालवला की कागद फाटतो, म्हणून वर्तुळं मी हातातल्या बांगडीभोवती काढते. हे कंपनीतून पहिली शिफ्ट करून आले तर मी जमिनीवर पालथी पडून बांगडी गिरवत होते. म्हणाले, "शाळा घरी आणलीस, आता यंत्रही आण."

चांगल्या नोट्स कशा असाव्यात, यावर माझं मत पक्कं आहे. एका पानावर एकच उदाहरण. आकृती प्रमेयाच्या शेजारी, पान उलटायला लागता कामा नये. कुठलीही पायरी गाळायची नाही, आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. जगात असं एकही उदाहरण राहता कामा नये, जे पोरीने माझ्या नोट्समध्ये आधी पाहिलेलं नाही.

१७ जुलै

अंबा नदीला पूर आला, नागोठण्याला गाड्या बंद, पेणहून यायचे कागदाचे गठ्ठे तिकडेच अडकले. जेवढे होते त्यात पहिलं प्रकरण निघालं. हाताला शाई, पदराला शाई, ह्यांच्या टॉवेललाही शाई.

दिपिकाला पहिली प्रत. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली, तर ती उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात छेदते, ते प्रमेय. ती आकृतीकडेच बघत बसली. मग म्हणाली, "आत्या, ह्यो वरचा ठिपका असा बाजूला सरकवला तं? तरी पन तसंच?"

मी म्हटलं, आत्ता काहीही सरकवायचं नाही. आहे तसं आधी पाठ कर, मग काय सरकवायचं ते सरकव. तिने मान डोलावली.

"कळलं ना?"

"कळलं, आत्या."

गुणी पोर आहे. वर्गात मात्र ती शीतल, वरशाच्या पलीकडच्या कातकरवाडीतली, सगळ्यांदेखत उठून म्हणाली की बाई, सिद्धतेतले हे दोन त्रिकोण दिसायला एकसारखे नाहीत, मग क्षेत्रफळ सारखं कसं? म्हटलं, कंसात कारण लिहिलंय ना? वाच आणि बस. बसली, पण चेहरा काही बसला नाही. अशा एकेका पोरीपायी तास वाया जातो.

२८ ऑगस्ट

गणपती आठवड्यावर आले, म्हणून दादाने दिपिकाला घरी बोलावून घेतलं. वर्षातला ऐन महत्त्वाचा भाग आणि पोरगी रंगकामाला! भांडायला म्हणून जोह्याला गेले, आणि भांडायचं राहून तिचं काम बघत बसले.

काय तो हात! कारखान्यात ओळीने मूर्ती, अंगाला रंग चढलेला, आणि ही एकेकीच्या पितांबराला पिवळा लावत चाललेली. काठ कुठे फुटत नाही, थेंब कुठे सांडत नाही. तोंडापर्यंत आली की थांबते आणि पुढच्या मूर्तीकडे सरकते. डोळ्यांची आखणी दादाच करतो. त्या कारखान्यात डोळ्याला दुसरं कोणी हात लावत नाही. वहिनीने हसत हसत सांगितलं की लहानपणी दिपिकाने एकदा मुद्दाम एका गणपतीला बुबुळं काढली होती, आणि चांगली काढली होती म्हणे. दादाने ती मूर्ती जागच्या जागी फोडली आणि तिच्या मुस्काटात ठेवून दिली. तेव्हापासून पोरगी डोळ्याच्या आसपास कुंचला नेत नाही.

मला खरंच कौतुक वाटलं. एवढी शिस्त! जिथे थांब म्हटलं तिथे थांबायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. गणितात हीच शिस्त आली, तर पोरगी सत्तरच्या खाली येणार नाही.

१८ ऑक्टोबर

सहामाहीचे पेपर तपासले. कपाळ माझं.

पेपर या वेळी दुसऱ्या शाळेने काढला होता. तेच प्रमेय, फक्त त्रिकोण उलटा काढलेला, टोक खाली आणि पाया वर, नावं ABC ऐवजी LMN. बस्स, एवढंच! निम्म्या वर्गाने प्रश्न सोडून दिला. उरलेल्या निम्म्यांनी छापील आकृतीकडे न बघता खाली माझा ABC काढला, अगदी माझ्या नोट्समधल्या मापाने, आणि माझी सिद्धता उतरवून काढली. माझ्याकडून कोरताना एका ठिकाणी "म्हणून" दोनदा पडलं होतं. ते "म्हणून म्हणून" तीस जणांच्या पेपरात.

दिपिकाच्याही.

घरी विचारलं, की बाई गं, ही आकृती उलटी आहे एवढं दिसलं नाही तुला? म्हणाली, दिसलं. मग? तर म्हणे नोट्समध्ये तशी नव्हती.

शिक्षकांच्या खोलीत हैबतराव सरांनी माझ्या नोट्सचा गठ्ठा मागून घेतला. इतिहास शिकवतात, पुढच्या वर्षी निवृत्त होणार, दुसऱ्याच्या विषयात नाक खुपसायची सवय काही जात नाही. शांतपणे पानं उलटली आणि म्हणाले, "बाई, सगळं तुम्हीच करून टाकलंय. यात पोरांनी करायचं काय?"

प्रयोगशाळेत जाऊन परीक्षानळ्यांच्या कपाटामागे उभी राहून रडले. चार महिने मान मोडून काम केलं, आणि पोरं गणित शिकली नाहीत, माझं हस्ताक्षर शिकली. सगळ्यात वाईट म्हणजे तो म्हातारा बरोबर बोलला.

९ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी अशीच गेली. करंज्या वहिनीकडून आल्या म्हणून मिळाल्या, घरात तेल तापलंच नाही.

नोट्स पुन्हा काढल्या, पण या वेळी वेगळ्या. प्रत्येक उदाहरणात जी कळीची ओळ आहे ना, जिथे डोकं चालवावं लागतं, ती कोरी सोडली. तिथे फक्त टिंबं. आयताकृती शेताची रुंदी काढायच्या उदाहरणात समीकरण मांडून दिलं, अवयव पाडून दिले, x = 8 किंवा x = −12 इथपर्यंत आणून सोडलं. पुढे ओळभर टिंबं. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून एक उत्तर टाकायचं, हे पोरांनी आपलं आपण लिहायचं. प्रमेयातल्या कंसांतली कारणंही कोरी.

किती दिवसांनी मला हलकं वाटतंय. नोट्स म्हणजे भरलेलं ताट नव्हे, एवढं कळायला मला पंधरा वर्षं नोकरी करावी लागली. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, छान आहे, पण दिपिकाला विचारलंस का? म्हटलं, तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं!

३ डिसेंबर

दिपिकाने आज भांडी लावताना विचारलं, "आत्या, त्या टिंबांची जागा कधी भरायची?"

मी म्हटलं, तुझी तू भरायची, त्यासाठीच ठेवली आहे.

"तू सांगशील तेव्हा?"

"मी नाही सांगणार. तूच भर."

मान डोलावली. रात्री तिच्या नोट्स बघितल्या तर सगळं पान सुरेख, आकृतीत रंगीत पेन्सिलीने बाजू रंगवलेल्या, आणि टिंबं तशीच्या तशी. अजून विचार करते आहे वाटतं. करू दे. घाई करायची नाही, असं मी मलाच बजावून ठेवलंय.

त्या शीतलच्या नोट्स बघवत नाहीत. प्रत्येक कोऱ्या जागी काहीतरी खरडलेलं, खोडलेलं, वर पुन्हा लिहिलेलं, तेही निम्मं चूक. एका ठिकाणी तर रुंदी उणे बारा का नाही, तर "एवढं लहान शेत नसतं" असं कारण! वर्ग हसला, मीही हसले. मग दिपिकाच्या नोट्स वर धरून सगळ्यांना दाखवल्या. म्हटलं, टापटीप म्हणजे काय ते बघा. दिपिका खाली मान घालून बसली होती. लाजते बिचारी.

२२ जानेवारी १९९८

पूर्वपरीक्षा. काय लिहू?

दिपिकाचा पेपर समोर आहे. प्रत्येक उदाहरण बरोबर सुरू केलेलं. अक्षर मोत्यासारखं. आणि प्रत्येक उदाहरणात ऐन ठिकाणी एक ओळ कोरी. गाळलेली नाही, कोरी! मोजून तेवढीच जागा सोडलेली, आणि खाली पुढची पायरी लिहिलेली. x = 8 किंवा x = −12, मग पट्टीएवढी पांढरी जागा, मग थेट पुढचं उदाहरण. प्रमेयात कंस उघडलेला, कंस बंद केलेला, आत रिकामं.

मी पेपर तिच्यापुढे टाकला. वेळ पुरला नाही का? पुरला. येत नव्हतं का? गप्प. मी आवाज चढवला. हे पलीकडच्या खोलीत झोपले होते, तिसऱ्या शिफ्टहून आलेले, ते उठून दारात आले.

शेवटी म्हणाली, "ती जागा तुझी हाय ना, आत्या?"

माझी? पेपर कोणाचा, परीक्षा कोणाची, आणि जागा माझी! असं काही ऐकून माणसाला हसावं की रडावं कळत नाही. मी तिला नको नको ते बोलले. दगड म्हटलं. वहिनीच्या स्वयंपाकघरातच तू शोभतेस म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही, नुसती ऐकत राहिली, कारखान्यात दादाचं ऐकते तशी.

पाच-सहा पोरांनी असंच केलंय. बाकीच्यांनी एकमेकांकडून जागा भरून घेतल्या, तेही पाठच केलेलं असणार. शीतलला पासापुरते मिळाले, ते कसे मिळाले देव जाणे, तिच्या पेपरात खाडाखोडीशिवाय काही नाही.

२ फेब्रुवारी

मी दिपिकाला घेऊन बसते आहे. शाळेतून आलं की लगेच. टिंबांची एकेक जागा घेते आणि विचारते, इथे काय येईल? ती माझ्या तोंडाकडे बघते. आकृतीकडे नाही, वहीकडे नाही, माझ्या तोंडाकडे! मी वाट बघते, तीही वाट बघते. आम्ही दोघी अशा किती वेळ बसतो याचा हिशेब नाही. माझा धीर सुटतो, मी उत्तर सांगते, ती लगेच लिहून घेते. सुंदर अक्षरात.

मग मी विचारते, कळलं ना? आणि ती म्हणते, कळलं.

मला आता त्या "कळलं"ची भीती वाटायला लागली आहे. पण दुसरं विचारू तरी काय?

ती नीट जेवत नाही. ह्यांनी आज स्पष्टच सांगितलं, की नम्रता, चार दिवस पोरीला गणिताचं नावच काढू नकोस, तिला नुसती चित्रं काढू दे, ती घाबरली आहे तुला. मला? मी तिच्यासाठी रक्त आटवते आहे आणि मलाच घाबरली! मी बोलले नाही ह्यांच्याशी दिवसभर.

१९ फेब्रुवारी

निवडणुकीची ड्यूटी लागली. लोकसभा मध्येच उभी राहिली आणि सगळे मास्तर मतपेट्यांना जुंपले. प्रशिक्षण, मग केंद्र, मग मोजणी. दहावीच्या तोंडावर! हैबतराव सर म्हणाले, जाऊन या, पोरं आपल्या पायावर उभी राहतील, तुम्ही कडेला नाही हेच बरं. म्हाताऱ्याला काय, त्याच्या घरात कोणी दहावीला नाही.

जाताना दिपिकाला म्हटलं, आता मी नाही, तुझं तूच बघायचं. तिने विचारलं, पहिल्या नोट्स वाचू की दुसऱ्या? मी म्हटलं, काय वाटेल ते वाच. खरं सांगते, मला उत्तर माहीत नव्हतं. पहिल्यांत मी सगळं सांगून टाकलं, दुसऱ्यांत काहीच सांगितलं नाही. यांच्या मधलं काहीतरी असणार, ते मला सापडलं नाही. पंधरा वर्षं गणित शिकवते आहे मी.

१४ मार्च

बीजगणिताचा पेपर झाला. केंद्राच्या फाटकाशी उन्हात उभी होते. कसा गेला? बरा. सगळं लिहिलंस? लिहिलं. जागा सोडल्या नाहीस ना? यावर तिने पाण्याची बाटली मागितली.

मी पुढे विचारलं नाही.

परवा भूमिती. मग ती जोह्याला जाईल. खोलीच्या कोपऱ्यात तिची पेटी आत्ताच भरलेली आहे, मला कोणी सांगितलंही नाही.

१५ जून

निकाल.

गणितात गेली. काठावर नाही, चांगली खाली. मराठीत सत्तरच्या वर, इतिहासात चांगले, विज्ञानात पास. एका गणितात गेली. माझ्या विषयात.

शीतल पास झाली. पेढे नव्हते, गुळाचा खडा घेऊन आली होती, माझ्या पाया पडली. म्हणाली, बाई, तुमच्या टिंबांमुळे झालं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला वाटलं, तुझ्या जागी ती का नाही? इतकं वाईट मनात यावं, तेही एका पोरीच्या आनंदाच्या दिवशी! पण आलं, ते लिहिते.

दादाचा दुकानातून फोन आला. ओरडला नाही, रागावला नाही. म्हणाला, "तू केलंस गो जेवढं व्हायचं तेवढं. येत्या रविवारी हमरापूरची मानसं येतायत, आषाढ लागायच्या आधी उरकतो. तू ये."

मी म्हटलं ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं, एकच विषय आहे, फॉर्म मी भरते. मग म्हणाला, पोरगीच नको म्हनते असं तिच्या तोंडून आलं, तं मी हमरापूरला उलटा निरोप धाडीन. पण तिच्या तोंडून आलं पायजे, तुझ्या नाय.

म्हणजे दार अगदीच बंद नाही! रात्रभर हेच मनात. दिपिकाने एक शब्द बोलायचाय, एक.

मी मात्र पक्कं ठरवलं पाहिजे. या वर्षभरात माझी चूक कुठली झाली असेल, तर हीच की मी तिला हात धरून चालवलं. दगड म्हटलं तिला, पण दगड कोणी केलं? आता पुन्हा मीच तिच्या तोंडात उत्तर घातलं, तर ती आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या तोंडाकडे बघत राहील. हैबतराव सर गेल्या वर्षी बोलले ते मी विसरणार नाही.

२२ जून

काल जोह्याला जाऊन आले. 

कारखान्यात यंदाच्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, म्हणून पाहुण्यांना ओटीवर बसवलं होतं. निकेश आला होता, वाईट मुलगा नाही, खाली बघून चहा पीत होता. त्याच्या आईने आल्याआल्या दिपिकाचे हातच पाहिले, उलटे पालटे करून. वहिनी चौरंग मांडत होती.

दिपिकाने मला खुणेने मागे बोलावलं. हिरवी साडी, वहिनीची नथ, नाकाला जड झालेली. मागे मातीच्या गोण्यांपाशी आम्ही दोघीच. मी म्हटलं, ऑक्टोबरचा फॉर्म मी आणलाय, तुझी सही झाली की परवाच देते. ती फॉर्मकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आत्या, तू सांग," ती म्हणाली. "तू नको म्हन म्हनलीस तं मी आत जाऊन नाय म्हनते. आत्ता म्हनते."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. म्हण गो बाई, नाही म्हण, पळत जा आणि म्हण. पण मी ते गिळलं. म्हटलं, एवढ्यासाठीच तर वर्षभर झगडले. या वेळी तरी तिने स्वतःहून करायला हवं.

म्हणाले, "दिपिका, हे तुझं तू ठरवायचं. मी सांगणार नाही."

ती उभी राहिली. मला वाटतं, मी आणखी काही बोलेन याची वाट बघत होती. मग वहिनीची हाक आली, ए गो पोरी, कुठं हायस, आणि ती गेली.

चौरंगावर बसवलं. कुंकू लावलं, ओटी भरली, अंगठी पुढे केली. तेव्हा दादाने एकदा तिच्याकडे पाहिलं. थांबला तो, मी शपथेवर सांगते, माझा भाऊ तिथे खरोखर थांबला. आणि दिपिकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीला टेकून होते. तिच्यावर माझा दाब पडू नये म्हणून मी मुद्दाम नजर काढून घेतली.

पुन्हा पाहिलं तेव्हा अंगठी बोटात होती आणि बायका नाव घ्यायला सांगत होत्या.

पेणहून रोह्याच्या गाडीत बसले ती नागोठण्यापर्यंत रडत आले. एवढी शिकवली, समोर दार उघडं ठेवलं, आणि तोंडातून एक अक्षर निघू नये? कुठे कमी पडले मी, मला खरंच कळत नाही. ह्यांनी विचारलं, तू काय म्हणालीस तिला? मी म्हटलं, काही नाही, मी काहीच म्हणाले नाही. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग उठून कामावर गेले.